पिकअप घेताना कंपनीने काय द्यायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं?

मळेवाला
नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं स्वतःची पिकअप स्वतः चालवतोय. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, कधी कांदा. ओतूरहून माळशेज उतरायचा, कल्याणवरून वाशी. संध्याकाळी सातला क्रेट भरायला घेतले की नऊच्या सुमाराला गाडी हलते आणि मध्यरात्रीनंतर मार्केटात लागते.

आता गाडी थकली. दिवाळीच्या आत नवीन घ्यायचीय. ती बहुतेक धाकटा भाऊ चालवेल. शोरूममध्ये तिघांनी मिळून टन किती, अ‍ॅव्हरेज किती, हप्ता किती एवढं तीनतीनदा सांगितलं. मी विचारलं, ताडपत्री बांधायला हूक किती आहेत? ते सांगायला सेल्समन आधी गाडीभोवती एक फेरी मारून आला.

माझं म्हणणं असं की पिकअप बनवणारे मालाचा विचार नीट करतात, पण माल नेणाऱ्या माणसाचा करत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आषाढात घाटात धुकं आणि आडवा पाऊस होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात हूकच नाही, म्हणून तिथली दोरी फाळक्याच्या बिजागरीला बांधली होती. बिजागरीच्या धारेने ती कापली गेली. बोगद्याच्या अलीकडे ताडपत्री फडफडायला लागली. गाडी बाजूला घेतली, तोंडात मोबाईलची बॅटरी धरली आणि ओल्या हातांनी गाठ मारत बसलो. हौद्यात अंधार, पाय ठेवायला जागा नाही. मागची एक ओळ पूर्ण भिजली. ओला टोमॅटो वाशीत कोण घेतो? वेगळा काढून मिळेल त्या भावाला द्यावा लागला.

तेव्हापासून यादीच करून ठेवलीय: दोन्ही बाजूंना पुरेसे हूक, हौद्यात एक दिवा, चढायला पायरी, केबिनमध्ये पाठ टेकता येईल अशी सीट, आणि हात धुवायला पाण्याची छोटी टाकी. तुमच्या यादीत काय आहे? गाडी बुक करायच्या आधी ऐकायचंय.

हिशेबी
दादा, तुमचा अनुभव पटला, पण माझं मत उलट आहे. कंपनीने गाडी जितकी साधी देता येईल तितकी साधी द्यावी. हूक आणि दिवा फॅब्रिकेटर एका दिवसात करून देतो. तेच कंपनीने दिलं की वरच्या मॉडेलमध्ये घालणार आणि त्या मॉडेलचा हप्ता आपण पाच वर्षं भरणार. माझ्या दोन गाड्या आहेत, दोन्ही बेस मॉडेल. भाडं ठरवताना समोरचा माणूस गाडीत पायरी आहे का हे विचारत नाही.

रात्रपाळी
हिशेबी साहेब, राग मानू नका. मी पगारी ड्रायव्हर आहे. भाडं ठरवताना पायरी कोणी विचारत नाही हे खरंच. पण त्या गाडीत मालक झोपत नाही, आम्ही झोपतो.

नाशिककडून द्राक्षं आणि भाजी मुंबईला नेतो. माल उतरायला नंबर लागेपर्यंत तीन-चार तास जातात. केबिनमध्ये मधोमध गिअरचा दांडा, शेजारी हँडब्रेक. सीट मागे जात नाही, कारण मागे लगेच पत्रा. एक प्लायची फळी गोधडीत गुंडाळून ठेवलीय. दोन्ही सीटवर ती आडवी टाकायची म्हणजे दांडा खाली राहतो. गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. डास येतात म्हणून काच लावावी तर घाम, काच उघडी ठेवावी तर मोबाईल चोरीला. पहाटे गाडी रिकामी करून परत कसारा चढायचा तेव्हा डोळे ओढतात. कंपनीने केबिन फक्त अर्धा फूट लांब केली आणि पाठ टेकू दिली तरी पुष्कळ आहे. बाकी काही मागत नाही.

हिशेबी
@रात्रपाळी, राग नाही. तुमचं खरं आहे. माझे ड्रायव्हर कुठे झोपतात हे मी आजपर्यंत विचारलं नव्हतं. उद्या विचारतो.

रोपवाटिका
मळेवाला दादा, चांगला धागा काढलात. माझी साताऱ्याकडे रोपवाटिका आहे. सात वर्षं पिकअप मीच चालवते, त्यामुळे माझी यादी थोडी वेगळी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सीटची उंची. माझी उंची पाच फूट एक इंच. सीट वर-खाली होत नाही, म्हणून खाली उशी घेते. उशी घेतली की बेल्ट मानेवर घासतो, काढली की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. बेल्टचा वरचा खिळा दोन इंच खाली सरकवता आला तरी काम होईल. दुसरी गोष्ट, चढताना धरायला दांडी. माझ्या गाडीत ती क्लीनरच्या बाजूला आहे, ड्रायव्हरच्या बाजूला नाही. का नाही ते मला आजवर कळलेलं नाही. स्टिअरिंग धरून चढावं लागतं. तिसरी, कुलूप लागेल असा खण. वसुलीचे पैसे घेऊन एकटी येते तेव्हा पर्स सीटखाली ढकलून ठेवते.

आणि पाण्याच्या टाकीला माझं जोरदार अनुमोदन. शेणखत-माती हाताळून तेच हात स्टिअरिंगला लावायचे आणि त्याच हातांनी डबा खायचा. पाच लिटरचा कॅन मागे बांधते, तोटी मीच बसवलीय.

साधा माणूस
टाकीला +१. आमच्याकडे उसाच्या हंगामात हाताला जो चिकटा बसतो तो पुसून जात नाही.

गॅरेजवाला
वीस वर्षं याच गाड्यांची कामं करतोय. तुम्ही मागताय ते सगळं रास्त आहे, पण दोन गोष्टी गाडीत आधीपासून असतात आणि वापरल्या जात नाहीत.

पहिली, हेडलाईटची चकती. माल भरला की मागचे पाटे दबतात, गाडीचं तोंड वर होतं आणि लाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्यालाही रस्ता जवळचा दिसत नाही. बऱ्याच गाड्यांना डॅशबोर्डवर ०, १, २, ३ लिहिलेली छोटी चकती असते. रिकामी गाडी असेल तर शून्यावर ठेवा, लोड वाढेल तसा आकडा वाढवा. आकडा वाढला की लाईट खाली येतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ ड्रायव्हरांना ती चकती कशाची हे माहीत नसतं.

दुसरी, मागच्या एक्सलला जोडलेला एक दांडा आणि त्यावरचा व्हॉल्व्ह. आम्ही त्याला एलएसपीव्ही म्हणतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आता लोक काय करतात? जास्त माल घालायचा म्हणून एक पाटा वाढवून घेतात. पाटा वाढला की चासी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि घाट उतरताना तो तापतो. "ब्रेक मऊ लागतोय" म्हणून गाडी येते आणि खाली बघावं तर नवा पाटा. पाटा वाढवलाच असेल तर व्हॉल्व्हची सेटिंग करून घ्या. खरं तर वाढवूच नका. जादा माल पकडला तर वीस हजार दंड आहे, वर दर जादा टनाला दोन हजार.

मळेवाला
गॅरेजवाला दादा, आत्ता गाडीत जाऊन बघून आलो. चकती आहे! अकरा वर्षं ती शून्यावरच आहे. घाटात समोरून येणारे डीपर मारायचे, मला वाटायचं त्यांचंच काहीतरी बिनसलंय. उद्या भरल्या गाडीला दोनवर ठेवून बघतो.

समुद्रकाठ
रत्नागिरीहून मासळी नेतो. आमचं दुखणं गंज. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांत मुरतं. वरून रंग चकाचक, आणि तीन वर्षांत आतून पत्रा बिस्किटासारखा. फॅक्टरीतूनच हौद्याला थोडा उतार, एका कोपऱ्यात भोक आणि खाली नळी जोडायची सोय दिली तर पाणी डब्यात धरता येईल. आत्ता ते रस्त्यावर गळतं आणि मागून येणारे दुचाकीवाले शिव्या घालतात. त्यांचंही बरोबर आहे, रस्ता निसरडा होतो.

भावाला एक सांगा, रिकामी गाडी परत आणताना हौदा गोड्या पाण्याने धुवायचा. रोज. टोमॅटोचा रससुद्धा आंबट असतो, पत्र्याला चांगला नाही.

देवगडचा बाळ्या
आंब्याच्या पेट्या नेणाऱ्यांची एक मागणी लिहून घ्या. अर्धी भरलेली गाडी कडक पाट्यांवर जी उडते, त्यात खालच्या पेट्यांतला हापूस मार खातो. पेटी उघडली की व्यापारी डाग दाखवतो आणि भाव पाडतो. हौद्याच्या तळाला रबरी मॅट मिळायला हवी. मी गोठ्यात टाकतात ती मॅट टाकलीय. फरक पडतो.

टेक्सासचा पाटील
ह्यूस्टनजवळ राहतो, मूळचा बारामतीचा. इकडे पिकअप म्हणजे घरटी एक. तुमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी इथे वर्षानुवर्षं आहेत म्हणून लिहितो.

फोर्डच्या फाळक्यातून पायरी बाहेर ओढता येते आणि धरायला दांडाही उभा राहतो. शेव्हरोलेच्या मागच्या बंपरच्या कोपऱ्यात पाय ठेवायला खाच असते. अगदी साधी गोष्ट, पण रोज उपयोगी. होंडाच्या पिकअपला हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद पेटी आहे आणि पाणी काढून टाकायला तिला बूच आहे. समुद्रकाठ, तुम्हाला हवं तसंच.

सगळ्यात उपयोगी म्हणजे हौद्यात विजेचे प्लग. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फ पडला आणि लाखो घरांची वीज गेली. तेव्हा फोर्डची हायब्रिड एफ-१५० नुकतीच आली होती. तिच्यातून ७.२ किलोवॉटपर्यंत वीज घेता येते. लोकांनी त्या गाडीवर घरातले हीटर आणि फ्रीज चालवले.

पण एक गोष्ट तिकडची चांगली आहे, ती सांगायलाच हवी. इथल्या गाड्यांना फक्त मागचा फाळका उघडतो. बाजूच्या भिंती पक्क्या असतात. आपल्या पिकअपचे तिन्ही फाळके पडतात, त्यामुळे तीन बाजूंनी एकदम माल उतरतो. दर उन्हाळ्यात इथे ट्रकभर माती आणतो. मागून एकट्याने फावड्याने ओढताना आमच्या चुलत्यांच्या पिकअपची आठवण येते.

हिशेबी
पाटील, या गाडीची इथली किंमत मनात आणली तरी घाम फुटला. त्या किमतीत माझ्या दोन्ही गाड्या, गोठा आणि बहिणीचं लग्न बसतं.

साधा माणूस
आणि वर वऱ्हाड न्यायला गाडी घरचीच.

घाटवाट
एसीचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. केंद्र सरकारने साडेतीन टनांवरच्या नवीन मालट्रकना २०२५ पासून एसी केबिन सक्तीची केली. चांगलं झालं. पण पिकअपचं मालासकट एकूण वजन साडेतीन टनांच्या आत असतं, म्हणून आपण त्या नियमात बसत नाही. मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला ऊन लागतं आणि पिकअपच्या ड्रायव्हरला लागत नाही, असं आहे का? चैत्रात दुपारी विदर्भात गाडी चालवा. इंजिन सीटच्या पुढेच आणि पायाखालचा पत्रा तापलेला. चपलेतून चटका बसतो.

हिशेबी
एसी डिझेल खातो आणि भरल्या गाडीची घाटातली ओढ कमी करतो. याबाबतीत मी माझ्या मताला चिकटून आहे.

गॅरेजवाला
डिझेल थोडं जास्त जातं, मान्य. चढावर बंद ठेवा. पण पावसात एसी चैनीसाठी नसतो. काचा बंद, आत दोन माणसं, कपडे ओले. पाच मिनिटांत समोरची काच आतून धुरकट होते. ड्रायव्हर एका हाताने फडकं फिरवतो आणि दुसऱ्या हाताने घाट उतरतो. एसीची हवा कोरडी असते, काच मिनिटभरात साफ होते. मळेवाला, तुमचा रस्ता माळशेजचा आहे. धाकट्या भावाला गाडी देणार असाल तर बाकी सगळं नंतर बसवा, एसी मात्र कंपनीचाच घ्या. तो मागाहून नीट बसत नाही.

रोपवाटिका
हे मी लिहिणारच होते. शिवाय काच बंद ठेवून चालवता आली की रात्री एकटीला बरं वाटतं.

रात्रपाळी
खोबरेल तेलाचा हात, तंबाखूचं पाणी, चिरलेला बटाटा, काचेवर सगळं फिरवून झालंय. दहा मिनिटं टिकतं.

विदर्भवाला
थोडं अवांतर. स्टेपनीबद्दल कोणीच बोललं नाही. ती चासीखाली टांगलेली असते. पंक्चर नेमकं मालाच्या गाडीलाच होते. मग चिखलात उताणं पडून तिचा नट सोडवायचा, आणि तो गंजून बसलेला. मागच्या खरिपात सोयाबीनची पोती भरलेली असताना दीड तास त्या नटाशी झटलो. शेवटी शेजारच्या शेतातून टॉमीवर चढवायला लोखंडी पाईप आणला, त्यावर उभा राहिलो, तेव्हा कुठे तो हलला. स्टेपनी बाजूला किंवा केबिनच्या मागे उभी का देत नाहीत?

गॅरेजवाला
केबिनमागे दिली की हौदा तेवढा आखूड होतो, म्हणून देत नाहीत. उपाय सांगतो. दर तीन महिन्यांनी स्टेपनी खाली उतरवायची, बोल्टला ग्रीस लावायचं आणि उघड्या आट्यांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवायचा. हवाही तेव्हाच बघून घ्यायची. गरज पडेल तेव्हा स्टेपनीतच हवा नसते, असं फार वेळा बघितलंय.

तारजोडणी
हौद्यातल्या दिव्याबद्दल. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. दिवा जरूर बसवा, पण बॅटरीवरून सरळ वायर ओढू नका. फ्यूज हवाच. बारा व्होल्टची दहा वॉटची एलईडी पट्टी एक अँपिअरसुद्धा घेत नाही, तिला बारीक फ्यूज पुरतो. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बूच लावा, नाहीतर कंपनाने वायर सोलते आणि एक दिवस धूर निघतो. स्विच केबिनमध्ये आणि एक फाळक्याजवळ. आणि फॅब्रिकेटरने हूक वेल्डिंग करायला घेतले तर आधी बॅटरीची केबल काढायला सांगा. हल्लीच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, वेल्डिंगच्या करंटने तो जातो.

समुद्रकाठ
वेल्डिंगने रंग जळतो आणि तिथूनच गंज धरतो. नट-बोल्टचे हूक लावा.

घाटवाट
हौद्याची लांबी-रुंदी-उंची बदलू नका म्हणजे पासिंगला त्रास नाही. पुढे लोखंडी गार्ड लावायचा मोह टाळा, २०१७ पासून त्याला बंदी आहे.

मळेवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्यामुळे एक निर्णय बदलला. एसी नसलेलं मॉडेल बुक करणार होतो, आता एसीचं केलंय. भावाच्या मोबाईलवर हा धागा पाठवला, त्याने रात्रपाळींचा प्रतिसाद दोनदा वाचला म्हणाला.

मळेवाला (पाच आठवड्यांनी)
गाडी आली. आळेफाट्याच्या फॅब्रिकेटरकडे नट-बोल्टचे हूक बसवून घेतले, दोन्ही बाजूंना सहा-सहा आणि मागच्या प्रत्येक कोपऱ्यात एक. आतला पत्रा क्रेटला घासू नये म्हणून बोल्टची टोकं कापून घेतली. मागे दुमडती पायरी केलीय. हौद्यात एलईडी, वायर तारजोडणींनी सांगितली तशी. केबिनच्या मागे दहा लिटरचा कॅन तोटीसकट. ड्रायव्हरच्या बाजूला दांडी बसवली, ती रोपवाटिका ताईंमुळे. आई पहिल्यांदा कोणाचा हात न धरता गाडीत चढली.

पहिली खेप परवा भावाने नेली, सत्तर क्रेट. घाटात अवकाळी पाऊस लागला. मी घरी जागाच होतो. अडीचला वाशीहून फोन आला. म्हणाला, "दादा, ताडपत्री काढली, मागच्या ओळीत हात घालून बघितलं, कोरडं आहे." मग म्हणाला, नंबर लागायला वेळ आहे, फळी टाकून पडतो.

रोपवाटिका
वाचून फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

हिशेबी
माझ्या दोन्ही गाड्यांना हूक आणि दिवे बसवायला टाकले. ड्रायव्हरांशी बोललो. दोघांनीही आधी फळीच मागितली.

रात्रपाळी
मळेवाला दादा, तुमच्या फळीचं माप काय ठेवलंत? आमच्या मालकांना दाखवायचंय.

मळेवाला
साडेचार फूट लांब, सव्वा फूट रुंद, पाऊण इंची प्लाय. दांड्याच्या जागी अर्धगोल कापलाय, म्हणजे फळी सरकत नाही. पायाकडची कड रंध्याने गोल करून घ्या, पोटरीला रुतते. गुडघे थोडे मुडपावेच लागतात, त्याला इलाज सापडला नाही. फळीचा फोटो रात्री टाकतो, गाडी आत्ता रस्त्यात आहे.